कार्बनचं नाव शेवटी काढा: सोलापूरच्या शिवारात कमी कर्बाची शेती रुजवायची कशी

कमी कर्बाची शेती म्हणजे हवेत कार्बन कमी सोडणारी आणि मातीत जास्त साठवणारी शेती; कर्ब म्हणजे कार्बनच. हा लेख शेतकऱ्यासाठी कमी आणि शेतकऱ्याला सांगायला जाणाऱ्यासाठी जास्त आहे. म्हणजे कृषी सहायक, गटाचा अध्यक्ष, उत्पादक कंपनीत नुकता लागलेला पदवीधर, संस्थेची ताई, नाहीतर पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला आणि 'पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळू नका' म्हणतो म्हणून बापाच्या रोज शिव्या खाणारा मुलगा. मोहोळ, माढा, मंगळवेढा या पट्ट्यात मी हे काम बरीच वर्षं केलंय आणि बऱ्याचदा तोंडावर पडलोय.

पहिलीच बैठक मारुतीच्या पारावर होती. मी अर्धा तास तापमानवाढ सांगितली. ऐकून घेऊन एक तात्या शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या कारखान्यांच्या चिमण्या बंद करा की आधी. आमच्या पाचटाचा धूर केवढा नि त्यांचा केवढा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रश्न रास्त होता. तेव्हापासून एक नियम पाळतो. पहिल्या वर्षी कार्बन हा शब्द काढायचा नाही. पाणी, भांगलण (खुरपणी), मजूर, रात्रीची लाईट यांवर बोलायचं. कर्ब त्यांच्या मागून चालत येतो.

आधी आपला हिशेब पक्का करा

गावात बोलायचं नसलं तरी आपल्याला माहीत हवं. शेतातून हवेत जाणाऱ्या वायूंपैकी आपल्याकडे मोठे तीन: नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड, जनावरांचा आणि शेणाचा मिथेन, आणि पंप, ट्रॅक्टर, खतनिर्मिती यांच्यामागच्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड. भातखाचरातला मिथेन हा कोकणाचा नि विदर्भाच्या पूर्वेचा प्रश्न; सोलापुरात ते भाषण देऊ नका.

युरियाच्या एका गोणीचा हिशेब करून बघा. गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के, म्हणजे साधारण २०.७ किलो नत्र. त्यातलं ढोबळमानाने १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतं असं धरतात. वायूचं वजन भरतं ३२५ ग्रॅमच्या आसपास. पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा, त्यामुळे ते झाले जवळपास ८९ किलो. युरिया मातीत फुटताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड आणखी ३३ किलो. म्हणजे कारखान्यात खत बनवतानाचं जळण न धरताच एका गोणीमागे १२० किलोच्या पुढे. आणि गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. या किमतीमुळेच 'युरिया वाचवा, पैसे वाचतील' हे वाक्य गावात चालत नाही. एक गोणी वाचली तर एका मजुराची हजेरीसुद्धा धड निघत नाही. वाचणारा पैसा दुसरीकडे आहे, तो पुढे सांगतो.

दुसरा हिशेब मातीचा. एका एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात ९ लाख किलोच्या आसपास माती असते. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर ९०० किलो कर्ब साठला, म्हणजे हवेतला ३.३ टन कार्बन डायऑक्साइड. ऐकायला मोठं वाटतं, पण हा ०.१ टक्का चढायला कित्येक वर्षं लागतात आणि एका वर्षाच्या खोल नांगरटीत, जाळपोळीत तो घसरतोही. त्यामुळे '१० टन पाचट कुजवलं म्हणजे तेवढा कर्ब मातीत साठला' असं कुणालाही सांगू नका. बराचसा भाग कुजताना परत हवेत जातो, थोडाच टिकतो. जाळण्यात मात्र नत्र जातो, गंधक जातो, मिथेन आणि काजळी वर जाते आणि हाती राखेशिवाय काही उरत नाही. फरक एवढाच, पण तो पुरेसा आहे.

पायरी १: गाव नव्हे, शिवार निवडा

एकाच गावात तीन तऱ्हेचे शेतकरी असतात. कालव्याखालचा किंवा उजनीच्या पाण्यावरचा ऊसवाला, काळ्या रानातला रब्बी ज्वारीवाला, आणि मुरमाड माळावर डाळिंब किंवा बोर लावलेला. तिघांना एकच पत्रक वाटलंत तर तिघंही त्यावर शेंगा सोलतील. पहिल्या वर्षी एक शिवार, एक पीक आणि पाच-सहा माणसं एवढंच धरा.

माणसं निवडताना दोन गोष्टी बघा. एक, रान स्वतः कसतो की निम्म्या वाट्याने दिलंय? वाटेकऱ्याला पुढच्या साली तेच रान मिळेल याची खात्री नसते. तो मातीत चार वर्षांची गुंतवणूक का करील? वाट्याचं रान असेल तर मालक आणि वाटेकरी दोघांना एकत्र बसवा आणि निदान तीन वर्षांचा शब्द घ्या, नाहीतर ते रान सोडा. दुसरं, घरातला निर्णय कोण घेतं ते बघा. भांगलणीचा खर्च आणि त्रास बाईला ठाऊक असतो. पाचट आच्छादनाने तण दबतं हे आम्ही पुरुषांच्या बैठकीत तीनदा सांगितलं, कुणी हूं की चूं केलं नाही. एका वहिनींनी एकदाच ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी माझ्या दोन भांगलणी वाचत्यात की." त्या घरचं पाचट तेव्हापासून पेटलं नाही.

पायरी २: माती आधी तपासा, पण नीट

पीक काढल्यावर आणि नवीन खत टाकायच्या आधी नमुना घ्या. नागमोडी चालत ८-१० ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी घ्यायची नाही. सगळी माती एका घमेल्यात मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची. खताच्या रिकाम्या गोणीत भरलीत तर अहवालात खतच दिसेल. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी निम्मे लोक तेच करतात.

अहवालात 'सेंद्रिय कर्ब' हा रकाना बघा. ०.४० टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम. आपल्याकडची बरीच रानं चुनखडीची आहेत. चुनखडीतही कर्ब असतो, पण तो वेगळा. त्याने जमीन जिवंत होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत 'सेंद्रिय कर्ब' असंच स्पष्ट सांगा. तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं ते त्याच महिन्यात, त्याच रानातून, जमल्यास त्याच प्रयोगशाळेतून. वर्षाच्या आत आकडा हलेल असं वचन देऊ नका.

पायरी ३: पाचट

उसाच्या पट्ट्यात सुरुवात इथूनच करा. एका एकराला साधारण तीन-चार टन पाचट निघतं. लोक ते का जाळतात हे आधी ऐकून घ्या. पाणी अडतं, उंदीर होतात, सापाची भीती, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) लवकर फुटत नाही, पाचटात मजूर पाय ठेवत नाहीत. यातलं एकही कारण खोटं नाही. शेजाऱ्याने पेटवलं की आपलंही पेटतं, हे सहावं.

माझी चूक आधी सांगतो. पहिल्या वर्षी मी एकाला पाचट पसरायला लावलं आणि वरून युरिया टाकायचं सांगायचं राहिलं. महिन्याभरात खोडवा हळदीसारखा पिवळा पडला. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला. ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. त्या माणसाने पुढच्या साली काडी लावली ती माझ्या डोळ्यांदेखत. गावात ती गोष्ट अजून सांगतात, नावासकट.

आता बरोबर क्रम. ऊसतोड टोळी रानातून निघाली की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) त्यांच्या बैलांना जातात, ते जाऊ द्या. बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून बुडखे मोकळे करा, कारण फुटव्याला ऊन लागतं. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. पाचट एक आड एक सरीत दाबा. मोकळ्या सरीतून पाणी पळतं, त्यामुळे 'पाणी अडतं' ही तक्रार तिथेच मिटते. ठिबक असेल तर सगळ्या सऱ्यांत पसरलं तरी चालतं. मग टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. एकराला चार टन धरलं तर ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. संवर्धन कुजलेल्या शेणखतात मिसळून फेका आणि लगेच पाणी द्या. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. आपल्या चुनखडीच्या, ८ च्या वर सामू (पीएच) असलेल्या मातीत उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. पाणी दिल्यावर रान वाफशावर आलं की सरीतून माणसं चालवा, पाचट मातीला टेकलं पाहिजे.

खोडव्याचं बाकीचं खत वरून फेकायचं नाही. पहारीने बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटर अंतरावर तेवढंच खोल भोक पाडायचं, दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवायचं, खत टाकून भोक बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी लागते हे खरंय. पण बाळबांधणी, मोठी बांधणी, बगला फोडणं यांतलं बरंच काम टळतं, हा हिशेब समोर बसून कागदावर मांडा.

काठाने दोन-तीन मीटरचा पट्टा पाचट ओढून मोकळा ठेवा, म्हणजे शेजारची आग आत येत नाही. उंदीर वाढतात हे मान्य करा. बिळं बुजवणं आणि पक्षिथांबे एवढंच सांगता येतं, जादू नाही.

आणि सगळं रान मागू नका. दोन एकर ऊस असेल तर दहा गुंठे मागा. दहा गुंठ्याला बाप नाही म्हणत नाही.

दाखवण्याचा दिवस

आमचं सगळ्यात चांगलं प्रात्यक्षिक कुठल्याही सभागृहात झालं नाही, ते वेळा अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला झालं. त्या दिवशी आपल्याकडे बऱ्याच गावांत घरंच्या घरं रानात असतात. आंबील, भज्जी, उंडे घेऊन पोरंबाळं, म्हातारी, पाव्हणे सगळे. वेगळी बैठक बोलवायची गरजच नाही. नोव्हेंबरात तुटलेल्या उसाचा खोडवा तेव्हा महिन्या-दीड महिन्याचा असतो, ज्वारी उभी असते.

आम्ही माईक लावला नाही. जेवणं झाल्यावर घरधन्यालाच म्हटलं, पाणी देऊन नऊ दिवस झालेत ना, दाखवा. त्याने पायाने पाचट बाजूला केलं, खालची मूठभर माती घेतली आणि दाबली. मुटका झाला. तीच मूठ शेजारच्या जाळलेल्या सरीतून घेतली, ती बोटांतून पिठासारखी सांडली. पाचटाखालच्या ढेकळात एक गांडूळ निघालं, ते बघायला पोरांनी गर्दी केली. एक म्हातारे म्हणाले, "म्हंजी पाण्याची एक पाळी लांबली." कुणीतरी म्हणालं, "पाळी न्हाय आण्णा, एक रात्र लांबली." रात्री दोनला लाईट येते तेव्हा उठून बारं (पिकाला पाणी) द्यायला जाणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही. मी त्या दिवशी तोंड उघडलं ते फक्त भज्जी खायला.

दाखवताना नियम एकच ठेवा. बोलायचं शेतकऱ्याने, आणि पिवळं पडलेलं असेल तर तेही दाखवायचं.

पायरी ४: ज्वारीच्या रानात

इथे बाहेरून आलेले सल्लागार हमखास घसरतात. 'पिकाचे अवशेष रानातच ठेवा' हे त्यांचं पाठ केलेलं वाक्य. मालदांडी ज्वारीचा कडबा रानात पसरा म्हणून सांगितलंत तर लोक तुमच्या डोक्याला तेल लावायला पाठवतील. कडबा हा निम्मा नफा आहे, दुष्काळात तर दाण्याहून भारी. खिलार जनावरांच्या दावणीतला कडबा शेण होऊन परत रानात कसा येईल, एवढंच आपण बघायचं. उकिरडा उघडा ठेवण्याऐवजी खड्ड्यात किंवा सावलीत, मातीने झाकून कुजवा. रोज ५० किलोच्या आसपास शेण मिळत असेल, म्हणजे चार-पाच जनावरं असतील, तर २ घनमीटरचा बायोगॅस चालतो आणि स्लरी रानाला मिळते. याहून कमी जनावरं असतील तर तो विषय काढू नका. बंद पडलेली टाकी हे गावातलं सगळ्यात वाईट प्रात्यक्षिक.

ज्वारीचं खरं काम पावसाळ्यात आहे. रान पेरणीपर्यंत मोकळं राहतं, तेव्हा उताराला आडवे सारे पाडून, वाफे बांधून पडेल ते पाणी जागेवर मुरवायचं. जिथे पहिला पाऊस साथ देतो तिथे उडीद किंवा मूग घेऊन मग ज्वारी किंवा हरभरा. डाळवर्गीय पीक हवेतला नत्र मातीत आणतं, युरियाची मागणी तिथेच घटते. उरलेलं खत दोन चाड्यांच्या पाभरीने बियाबरोबर पेरायचं, फेकायचं नाही. मग तीन कोळपण्या: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासाच्या, आठव्यात दातेरी. भेगा बुजतात आणि ओल राहते. यात नवीन काही नाही, आजोबांना विचारा. नवीन एवढंच की दरवर्षीची खोल नांगरट खरंच लागते का हे एकदा विचारायचं. हरळी, कुंदा असं तण माजलेलं असेल तर लागते. नसेल तर एक साल कुळवाच्या पाळ्यांवर भागवून बघा, डिझेल लगेच वाचतं.

पायरी ५: बांधावरची झाडं

झाड म्हटलं की तीन आक्षेप येतात: सावली पडते, पाखरं बसून ज्वारी खातात, शेजारी भांडतो. तिन्ही खरे.

सावलीचा हिशेब मात्र सोपा आहे. रब्बीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो. सोलापूरच्या आकाशात डिसेंबरात भर दुपारीही २० फुटी झाडाची सावली उत्तरेला १७ फुटांच्या आसपास पडते. म्हणून झाडं आपल्या रानाच्या उत्तर बांधाला लावली तर आपल्या पिकावर सावली जवळपास येत नाही. पण ती मग शेजाऱ्यावर पडते! त्यामुळे उत्तरेला ओढा, गाडीवाट, पडीक किंवा भावाचंच रान आहे का ते बघा. सामाईक बांधावर खड्डा काढू नका. चार-पाच फूट आपल्या हद्दीत घ्या. हे आधी सांगितलं नाही तर तुमचं झाड तहसिलात उभं राहील.

जात निवडताना शेळ्यांना विचारा. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून मोकाट चराईच्या गावात ते आधी. विहिरीजवळ शेवगा, माळाला बोर, कडेला कडुलिंब. पाखरांचं म्हणाल तर ज्वारीच्या बांधाला उंच झाडांची रांग नकोच, तिथे सीताफळासारखं बुटकं लावा. पावसाच्या सुरुवातीला लावायचं आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव वहीत लिहून मगच रोप द्यायचं. शंभर रोपांचा फोटो काढून निघून जाणाऱ्यांनी या जिल्ह्यात फार खड्डे करून ठेवलेत. फळबाग लागवडीसाठी रोजगार हमीतून आणि भाऊसाहेब फुंडकर योजनेतून अनुदान आहे. चालू निकष कृषी सहायकाकडून घ्या.

डाळिंब आणि सौर पंप

छाटणीचा काडीकचरा बारीक करून आच्छादनाला वापरा असं सगळीकडे सांगतात. तेल्या रोग असलेल्या बागेत हे करू नका. रोगट काड्या, फळं बागेबाहेर नेऊन जाळायचीच. इथे धूर परवडला.

सौर पंपाला आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. दिवसा पाणी मिळतं, रात्रीचं जागरण संपतं. पण वीजबिल नसलं की पंप दिवसभर चालतो आणि बोअर आटतो, हेही त्याच दमात सांगा. ठिबक नसेल तर आधी ठिबक.

पायरी ६: आता कार्बनचं नाव काढा

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लोक स्वतःच विचारतात, "ते कार्बनचे पैसे मिळत्यात म्हणं?" तोपर्यंत कुणीतरी टॅब घेऊन गावात येऊन गेलेला असतो. हे पैसे कार्बन क्रेडिट विकून येतात. एक क्रेडिट म्हणजे हवेत जायचा थांबलेला किंवा मातीत साठलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. केंद्राच्या कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला आहे, तेव्हा ही अफवा नाही. पण वर केलेला मातीचा हिशेब आठवा. ०.१ टक्का कर्ब वाढायला लागणाऱ्या सगळ्या वर्षांचे मिळून एकरी तीन-साडेतीन टन. त्यातून मोजणी, तपासणी, मधली कंपनी यांचा वाटा जाणार. हे वरकड पैसे. त्यांच्या भरवशावर कुणाला पाचट ठेवायला सांगू नका. आणि जो आधीपासूनच पाचट जाळत नाही त्याला सहसा क्रेडिट मिळत नाही, कारण 'नवीन' बदल काही झाला नाही. चांगलं वागणाऱ्याला काहीच नाही, हे ऐकून लोक चिडतात. मीही चिडतो.

सही करण्याआधी पाच प्रश्न विचारायला लावा. करार मराठीत आहे का? किती वर्षं बांधून घेताय? त्या काळात रान विकलं, पीक बदललं, वाटणी झाली तर काय? विक्रीतला माझा वाटा किती आणि तो कुठल्या रकमेवर, खर्च वजा करून की आधी? सात-बारा सामाईक असेल तर बाकीच्या भावा-बहिणींच्या सह्या कोण घेणार? उत्तर 'वरून आल्यावर सांगतो' असं आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. ओटीपी कुणालाच नाही.

वही

गटाची एक दोनशे पानी वही ठेवा. प्रत्येकाचं एक पान: रान किती गुंठे, माती तपासली ती तारीख आणि आकडा, युरियाच्या गोण्या, पाण्याच्या पाळ्या, भांगलणीचे मजूर, ट्रॅक्टरचे तास. पुढे कुठल्या प्रकल्पात जायचं झालं तर हीच वही कामाला येते, नाही गेलात तरी पुढच्या वेळा अमावास्येला दाखवायला आकडे मिळतात. दर महिन्याला कुणीतरी दहावी-बारावीतलं पोर घरोघर जाऊन भरतं, त्याला गटाने थोडे पैसे द्यावेत. दुसऱ्या वर्षी संवर्धनाची पाकिटं टोळी गावात यायच्या आधी आणून ठेवा, पण फार आधी नको. त्यावरची वापराची मुदत बघा आणि सावलीत ठेवा. तोडणी आणि काडी यांच्यात बऱ्याचदा एका दिवसाचंच अंतर असतं, आणि पाकीट त्या दिवशी घरात नसलं की पुढचं सगळं बोलणं वाया.